पीएफमधील अडीच लाखांवरील वर्गणी : विवरणपत्र भरण्यापूर्वी काय करावे

"पीएफमध्ये मर्यादेपेक्षा जास्त पैसे गेले आहेत, आता ते परत काढावे लागतील का?" हा प्रश्न जुलै महिन्यात आयकर विवरणपत्र भरायला येणाऱ्या पगारदारांकडून मला दर वर्षी ऐकू येतो. विचारणाऱ्यांत सोलापूरच्या औष्णिक वीज केंद्रातले अभियंते असतात, चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे व्यवस्थापक असतात, आणि नोकरी पुण्यात असली तरी आई-वडील सोलापुरात असल्यामुळे कराची कागदपत्रे इथेच ठेवणारी तरुण मंडळीही असतात. त्यांना पहिल्यांदा सांगावे लागते की पैसे परत काढण्याची गरज नाही. पीएफमध्ये, म्हणजे भविष्य निर्वाह निधीत, वर्षाला अडीच लाखांहून जास्त वर्गणी भरणे हा नियमभंग नाही आणि त्यावर दंडही नाही. मात्र त्या जादा वर्गणीवर मिळणारे व्याज करमुक्त राहत नाही, आणि ते केवळ त्या एका वर्षापुरते नव्हे, तर ती रक्कम खात्यात असेपर्यंत दर वर्षी आपल्या उत्पन्नात धरावे लागते. या वाक्याच्या उत्तरार्धाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि चूक नेमकी तिथे होते.

नियम काय आहे

वित्त कायदा २०२१ ने आयकर कायद्याच्या कलम १०(११) आणि १०(१२) यांना नवी परंतुके (म्हणजे अपवाद सांगणाऱ्या अटी) जोडली. त्यानुसार १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याने एका आर्थिक वर्षात स्वतःच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीत भरलेली एकूण वर्गणी २,५०,००० रुपयांच्या पुढे गेली, तर पुढच्या रकमेवर जमणारे व्याज करपात्र ठरते. ज्या निधीत नोकरी देणारा काहीच भरत नाही, त्या निधीसाठी मर्यादा ५,००,००० रुपये आहे. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी आलेल्या आणि जीपीएफ (सरकारी कर्मचाऱ्यांचा सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधी) असलेल्या कर्मचाऱ्यांनी म्हणून अडीच लाखांचा आकडा स्वतःला लावून घेऊ नये. त्यांचा हिशेब पाच लाखांपासून सुरू होतो.

हा हिशेब कसा ठेवायचा हे ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या नियम ९ड मध्ये सांगितले आहे. पीएफच्या एकाच खात्यात दोन पोटखाती मानायची, एक करमुक्त वर्गणीचे आणि दुसरे करपात्र वर्गणीचे. ३१ मार्च २०२१ रोजीची शिल्लक कितीही मोठी असली तरी ती पूर्णपणे करमुक्त खात्यात जाते. त्यानंतर दर वर्षी मर्यादेपर्यंतची वर्गणी आणि तिच्यावरचे व्याज याच खात्यात जमा होत राहते. मर्यादेवरची वर्गणी करपात्र खात्यात जाते, तिचे व्याजही तिथेच जाते, आणि पुढच्या वर्षी त्या व्याजावर मिळणारे व्याजसुद्धा करपात्र असते. एकदा करपात्र खात्यात गेलेली रक्कम तिथून करमुक्त खात्यात परत येण्याची वाट नियमात ठेवलेली नाही.

मर्यादेत काय मोजावे आणि काय मोजू नये, याबद्दल गैरसमज फार आहेत. पासबुकात तीन रकाने दिसतात : कर्मचाऱ्याचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा आणि पेन्शनची वर्गणी. आपल्याला फक्त पहिला रकाना घ्यायचा आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्क्यांनी होणारी नेहमीची कपात आणि आपण स्वेच्छेने वाढवलेली व्हीपीएफची रक्कम ही दोन्ही याच रकान्यात एकत्र येतात. कंपनीचा हिस्सा या मर्यादेत धरत नाहीत. केवळ १२ टक्क्यांच्या कपातीने अडीच लाख ओलांडायचे असतील, तर मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना सुमारे १,७३,६०० रुपये असावे लागतात. सोलापुरात एवढे मूळ वेतन असणारे थोडे. इथे मर्यादा ओलांडली जाते ती बहुधा व्हीपीएफमुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे अडीच लाखांची ही मर्यादा आणि कलम ८०क (८०सी) ची दीड लाखांची वजावट यांचा परस्परांशी संबंध नाही. आपण नवी करप्रणाली घेतली असेल, तर वर्गणीवर वजावटच मिळत नाही. तरीही जादा वर्गणीच्या व्याजावर कर लागतोच. "मी वजावट घेतलीच नाही, मग व्याजावर कर कशाला?" ही तक्रार समजण्यासारखी आहे, पण कायद्याने तशी सवलत दिलेली नाही.

पासबुक उघडून बेरीज करा

आर्थिक वर्ष संपल्यावर यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायम राहणारा एकच क्रमांक, वापरून पासबुक उतरवून घ्यावे. २०२१-२२ पासूनच्या पासबुकात करपात्र वर्गणीचा वर्षनिहाय वेगळा तक्ता येतो आणि त्यात दरमहा जमा झालेली वर्गणी, तिची चढती बेरीज आणि मर्यादेवर गेलेली रक्कम दिसते. हा तक्ता जपून ठेवावा, परंतु केवळ त्याच्यावर विसंबून राहू नये. वर्षभराच्या पगारपत्रकांवरून आपली बेरीज स्वतंत्रपणे करून ती तक्त्याशी ताडून पाहावी. पगारपत्रकात मार्च महिन्याचा पगार म्हणून दिसणारी कपात निधीत सहसा एप्रिलमध्ये जमा होते, त्यामुळे पासबुकाचे वर्ष मार्चच्या पगारापासून फेब्रुवारीच्या पगारापर्यंत चालते. बेरीज जुळली नाही तर आधी हा एका महिन्याचा फरक तपासावा.

वर्षाच्या मध्यात नोकरी बदललेल्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. समजा पहिल्या कंपनीत १,५०,००० रुपये आणि दुसऱ्या कंपनीत १,४०,००० रुपये कापले गेले. दोन्ही कंपन्यांच्या कागदांत मर्यादा ओलांडलेली दिसणार नाही, पण कायदा त्या व्यक्तीची एकूण वर्गणी पाहतो आणि ती २,९०,००० रुपये झालेली आहे, म्हणजे ४०,००० रुपये जादा आहेत. दोन्ही खाती एकाच यूएएनखाली आणि कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडेच असतील, तर पासबुकाच्या तक्त्यात ही बेरीज झाली आहे का ते पाहावे. एका कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट (कर्मचाऱ्यांचा निधी सांभाळणारा विश्वस्त निधी) असेल, तर ट्रस्टचे वार्षिक विवरण मागवून ती बेरीज आपल्यालाच करावी लागते, कारण एकमेकांचे आकडे पाहण्याची व्यवस्था दोघांकडेही नाही.

वेतनकराराची किंवा महागाई भत्त्याची थकबाकी एकाच महिन्यात मिळाली, तर त्या थकबाकीवरची पीएफ कपातही त्याच वर्षात भरली जाते. थकबाकी मागच्या तीन वर्षांची असली तरी वर्गणी ज्या वर्षी भरली त्या वर्षीच ती मोजली जाते. दर वर्षी मर्यादेच्या आत राहणारा माणूस केवळ या कारणाने एखाद्या वर्षी तिच्याबाहेर जातो.

खतावणी

आता व्याजाच्या हिशेबाकडे येऊ. सोलापूरचे जुने कापड व्यापारी प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते खतावणीत वेगळे ठेवत. तसेच आपल्या करपात्र खात्याचे एक पान वहीत किंवा संगणकावर २०२१-२२ पासून ठेवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पीएफचे व्याज दर महिन्याच्या शिल्लकीवर मोजतात आणि वर्षाअखेरीस जमा धरतात. एखाद्या महिन्यात आलेल्या वर्गणीवर पुढच्या महिन्यापासून व्याज सुरू होते. दर वेगवेगळ्या वर्षी वेगळा होता : २०२१-२२ साठी ८.१० टक्के, २०२२-२३ साठी ८.१५ टक्के, तर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के. खालच्या उदाहरणात सोयीसाठी सगळीकडे ८.२५ टक्के धरले आहेत. प्रत्यक्ष पान लिहिताना त्या त्या वर्षाचा दर घ्यावा.

एका अभियंत्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १,२०,००० रुपये आहेत. १२ टक्क्यांनी १४,४०० रुपये कापले जातात आणि त्यांनी व्हीपीएफ म्हणून आणखी १५,६०० रुपये लावले आहेत. दरमहा ३०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३,६०,००० रुपये होतात आणि त्यांतले १,१०,००० रुपये जादा ठरतात. एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत २,४०,००० रुपये भरून होतात. डिसेंबरच्या ३०,००० रुपयांपैकी १०,००० रुपये मर्यादेत बसतात आणि २०,००० रुपये करपात्र खात्यात जातात. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे प्रत्येकी ३०,००० रुपये पूर्णपणे करपात्र खात्यात जातात. डिसेंबरच्या २०,००० रुपयांवर तीन महिन्यांचे, जानेवारीच्या ३०,००० रुपयांवर दोन महिन्यांचे आणि फेब्रुवारीच्या ३०,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज मिळते, मार्चच्या रकमेवर त्या वर्षी काहीच मिळत नाही. हे सारे मिळून १,५०,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज होते, म्हणजे सुमारे १,०३१ रुपये. पहिल्या वर्षी विवरणपत्रात दाखवायचे उत्पन्न इतकेच आहे. ३,६०,००० रुपयांवरचे व्याजही दाखवायचे नाही आणि १,१०,००० रुपयांवरचे पूर्ण वर्षाचे व्याजही नाही.

रक्कम लहान पाहून पुष्कळ जण इथेच विषय सोडून देतात. पण पान पुढे लिहीत गेल्यावर काय होते ते पाहावे. दुसऱ्या वर्षाची आरंभीची करपात्र शिल्लक १,११,०३१ रुपये आहे. तिच्यावर वर्षभराचे ९,१६० रुपये आणि त्या वर्षीच्या नव्या जादा वर्गणीवर १,०३१ रुपये धरून करपात्र व्याज १०,१९१ रुपये होते. अखेरची शिल्लक २,३१,२२२ रुपये होते आणि तिसऱ्या वर्षाचे करपात्र व्याज २०,१०७ रुपयांवर जाते. तिसऱ्या वर्षाअखेरीस करपात्र खात्यात ३,६१,३२९ रुपये साठलेले असतात. आता समजा चौथ्या वर्षी त्यांनी व्हीपीएफ पूर्ण बंद केली. त्या वर्षीची वर्गणी मर्यादेच्या कितीतरी आत आहे, म्हणून "यंदा काही दाखवायचे नाही" असे त्यांना वाटेल. परंतु साठलेल्या शिल्लकीवर २९,८१० रुपये व्याज जमते आणि ते पूर्णपणे करपात्र आहे. उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह त्यावर सुमारे ९,३०० रुपये कर येतो. खतावणीचे पान नसेल तर हा आकडा पगारपत्रकात किंवा फॉर्म सोळात (पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा कंपनी देते तो दाखला) कुठेही सापडणार नाही.

विवरणपत्रात कुठे दाखवावे

हे व्याज पगाराच्या शीर्षाखाली येत नाही, ते अन्य स्रोतांपासूनच्या उत्पन्नात दाखवावे. विवरणपत्राच्या त्या भागात पीएफच्या करपात्र व्याजासाठी बँक व्याजापासून वेगळ्या ओळी आहेत आणि त्यांच्यापुढे कलमांची परंतुके लिहिलेली आहेत. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत किंवा मान्यताप्राप्त ट्रस्टमध्ये वर्गणी असेल आणि कंपनीही हिस्सा भरत असेल, तर कलम १०(१२) च्या पहिल्या परंतुकाची ओळ निवडावी. जीपीएफसारख्या निधीसाठी कलम १०(११) ची, आणि नोकरी देणारा काही भरत नसल्यास त्याच कलमाच्या दुसऱ्या परंतुकाची ओळ घ्यावी. घाईत हे व्याज बचत खात्याच्या व्याजात मिसळू नये, कारण जुन्या प्रणालीत बचत खात्याच्या व्याजावर मिळणारी वजावट पीएफच्या व्याजाला लागू नाही.

आर्थिक वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र १९६१ च्याच कायद्यानुसार भरायचे आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू असल्याने त्यानंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. त्या उत्पन्नाच्या विवरणपत्रात ओळ निवडताना जुने क्रमांक शोधत बसू नये.

भरण्यापूर्वी वार्षिक माहिती विवरण आणि फॉर्म २६एएस (आपले उत्पन्न आणि कापला गेलेला कर यांची आयकर खात्याकडची नोंद) पाहावेत. करपात्र व्याजावर कलम १९४अ खाली १० टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून घेतलेला कर) कापला जातो आणि पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के कापला जातो, म्हणून यूएएनला पॅन जोडलेला आहे याची खात्री करून घ्यावी. व्याजाची रक्कम लहान असेल तर टीडीएस कापला जात नाही. टीडीएस कापला नाही म्हणजे कर लागत नाही, हा समज चुकीचा आहे. वरच्या उदाहरणातले १,०३१ रुपयेसुद्धा उत्पन्नात धरायचेच असतात. उलट, टीडीएस कापला म्हणजे आपली जबाबदारी संपली असेही नाही, कारण ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा १० टक्क्यांनी कापलेला कर अपुराच असतो.

पीएफचे व्याज खात्यात प्रत्यक्ष दिसायला अनेकदा पुढच्या आर्थिक वर्षातले काही महिने जातात, आणि त्यामुळे एक खरी अडचण उभी राहते. कायदा त्या वर्षात उपार्जित झालेल्या व्याजावर कर लावतो, म्हणून व्याज जमा दिसण्याची वाट न पाहता आपल्या खतावणीतला आकडा त्याच वर्षाच्या विवरणपत्रात घ्यावा. टीडीएस मात्र जमा करताना कापला गेल्यास पुढच्या वर्षाच्या २६एएसमध्ये दिसू शकतो. उत्पन्न आधी दाखवले आणि टीडीएस नंतर कापला गेला, अशा प्रसंगासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून फॉर्म ७१ ची सोय आहे. टीडीएस ज्या आर्थिक वर्षात कापला गेला ते वर्ष संपल्यापासून दोन वर्षांच्या आत तो भरता येतो. थोड्या रुपयांसाठी हा खटाटोप नको वाटेल, पण रक्कम मोठी असेल तर तो अवश्य करावा.

टीडीएस वजा करून वर्षाचा उरलेला कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त होत असेल, तर अग्रिम कर भरावा लागतो आणि तो न भरल्यास महिना १ टक्का दराने व्याज बसते. पगारदारांसाठी सोपा मार्ग असा की हे व्याज कंपनीच्या लेखा विभागाला वर्ष संपण्यापूर्वी कळवावे आणि त्यावरचा कर पगारातूनच कापून घ्यायला सांगावे.

मागची वर्षे राहून गेली असतील तर

२०२१-२२ पासूनचे पान लिहायला बसल्यावर मागच्या एक-दोन वर्षांचे व्याज दाखवायचे राहून गेले आहे असे ध्यानात येऊ शकते. ज्या वर्षाचे विवरणपत्र सुधारण्याची मुदत अजून संपलेली नाही, ते सुधारित करून भरावे. मुदत संपली असेल तर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आहे. करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत भरल्यास थकलेल्या कर आणि व्याजावर २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५० टक्के, ३६ महिन्यांपर्यंत ६० टक्के आणि ४८ महिन्यांपर्यंत ७० टक्के अतिरिक्त कर लागतो. सुरुवातीच्या वर्षांचे आकडे लहान असतात, तेव्हा हा बोजाही लहान असतो. नोटीस येण्याची वाट पाहण्यापेक्षा स्वतःहून भरावे, असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण पुढची सारी शिल्लक पहिल्या वर्षाच्या आकड्यावर उभी असते आणि पाया चुकला तर दर वर्षीचा हिशेब चुकत जातो.

कंपनीच्या हिश्श्याची मर्यादा वेगळी आहे, तिचा येथे थोडक्यात उल्लेख करतो. पीएफ, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आणि मान्यताप्राप्त सुपरअ‍ॅन्युएशन निधी (कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीसाठी कंपनी भरते तो) या तिन्हींत मिळून कंपनीने वर्षाला ७,५०,००० रुपयांपेक्षा जास्त भरले, तर जादा रक्कम आणि तिच्यावरची वार्षिक वाढ पगारातील लाभ म्हणून करपात्र होते. कंपनी पीएफमध्ये १२ टक्के आणि एनपीएसमध्ये १४ टक्के भरत असेल, तर सुमारे २८.८५ लाख रुपये वार्षिक मूळ वेतनावर ही मर्यादा गाठली जाते. हा हिशेब कंपनी करते आणि तो फॉर्म सोळात येतो. आपण तो फक्त तपासायचा.

पुढच्या वर्षाची वर्गणी ठरवताना

मर्यादेतच राहायचे असेल तर कर्मचाऱ्याची एकूण वर्गणी महिना २०,८३३ रुपयांच्या पुढे जाऊ देऊ नये. वरच्या अभियंत्यासाठी याचा अर्थ व्हीपीएफ १५,६०० ऐवजी ६,४३३ रुपये ठेवणे असा होतो. अनेक कंपन्या व्हीपीएफ बदलण्याची मुभा वर्षाच्या आरंभीच देतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच विचारून घ्यावे.

मर्यादेवर भरूच नये, असे माझे मत नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह कर गेल्यावर ८.२५ टक्क्यांतले सुमारे ५.६८ टक्के हाती राहतात, २० टक्क्यांच्या टप्प्यात सुमारे ६.५३ टक्के राहतात. बँकेच्या मुदत ठेवीचे व्याजही तितक्याच दराने करपात्र असते, त्यामुळे तुलना कर गेल्यानंतरच्या आकड्यांची करावी. ज्याला सुरक्षित जागा हवी आहे आणि पैसे निवृत्तीपर्यंत लागणार नाहीत, त्याने व्हीपीएफ चालू ठेवली तर ते गैर नाही. मात्र व्याज निधीत अडकलेले असते आणि त्यावरचा कर दर वर्षी पगारातून किंवा बचतीतून भरावा लागतो, याची तयारी हवी. मुलीचे लग्न किंवा घराचे काम तोंडावर असताना ही ओढाताण होते, आणि अशा वेळी मी मर्यादेत राहण्याचाच सल्ला देतो.

सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा जानेवारीत भरते, त्याच सुमारास कचेऱ्या गुंतवणुकीचे पुरावे मागतात. त्या दिवसांत पासबुकातली चढती बेरीज एकदा पाहावी. मर्यादा त्या वर्षी ओलांडली जाणार की नाही हे तोपर्यंत स्पष्ट झालेले असते आणि मार्चपूर्वी कर भरायला वेळही उरतो. दर वर्षाचे पासबुक, करपात्र तक्ता, खतावणीचे पान आणि भरलेल्या विवरणपत्राची प्रत एकाच फाइलमध्ये लावून ती नोकरी संपून निधीचे सारे पैसे हाती येईपर्यंत जपावी. दर वर्षी कर भरलेले व्याज पैसे काढताना पुन्हा करपात्र धरले जाऊ नये, यासाठी, विशेषतः सलग पाच वर्षांची नोकरी पूर्ण होण्याआधी पैसे काढावे लागले तर, पुरावा म्हणून हीच फाइल पुढे ठेवावी लागते.